वाकडं नाणं

कानातला सूर बदलला तसा क्लेम गॅरड जागीच थांबला. जमिनीतला धातू शोधणारं त्याचं यंत्र पत्र्याच्या झाकणावर घोगरं बोलतं, खिळ्यावर तुटक. हा आवाज स्वच्छ होता, यंत्र कुठूनही फिरवलं तरी तसाच. चांदी. त्यानं धसकटांत गुडघे टेकले, खुरप्यानं वीतभर माती उचलली आणि ढेकूळ बोटांनी अलगद फोडलं.

आत सहा पेन्सचं जुनं नाणं निघालं. तीनशे वर्षांपूर्वीचं, झिजून गुळगुळीत झालेलं, आणि एक कड वर, दुसरी खाली, असं मुडपलेलं. नऊ वर्षं तो या शेतात असल्याच एका नाण्याची वाट बघत होता, आणि मिळालं ते नेमकं आज.

कारण उद्या पेरणी होती. इंग्लंडच्या या सफक भागात गहू कापला की पुढच्या पेरणीपर्यंत तीन-चार आठवडे रान मोकळं असतं, यंत्रवाल्याला तेवढेच दिवस. मग एकदम पुढचा ऑगस्ट. शेताच्या मालकिणीच्या, म्हणजे एनिड कॅचपोलच्या, स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचे दिवसही तेवढेच. ती विधवा, हा बिनलग्नाचा. सदुसष्टाव्या वर्षी क्लेमला तिला एक गोष्ट विचारायची होती आणि गेले दोन हंगाम ती त्याच्या घशात अडकून बसली होती. चाळीस वर्षं या माणसानं गावभर टपाल वाटलं, पण स्वतःचे चार शब्द कुणाला पोचवणं काही त्याला जमलं नव्हतं. आज मात्र चिंता नव्हती. नाणंच बोलणार होतं, त्यानं फक्त त्याची गोष्ट सांगायची.

खड्डा बुजवून, वर पाय दाबून तो घराकडे निघाला.

सापडेल ते मालकिणीच्या टेबलावर ठेवायचं, असा रिवाज. पहिली निवड तिची आणि निम्मं तिचं. नऊ वर्षांत एनिडनं कोटाची बटणं, पट्ट्यांची बकलं आणि एक शिशाची गोळी निवडली होती. ते सगळं बिस्किटांच्या डब्यात पडलेलं होतं. चांदी ती मुद्दाम त्याला सोडायची, हे त्याला ठाऊक होतं.

"आज एकच आहे, बाई," नाणं ठेवत तो म्हणाला. "पण त्याला एक गोष्ट आहे. आलोच हात धुऊन."

"बूटही धुवा. अर्धं शेत चिकटलंय त्यांना. ते मात्र सगळंच्या सगळं माझं आहे."

अंगणातल्या नळावर क्लेमनं हात धुतले, वाक्य जुळवलं, मग पुन्हा हात धुतले. ओल्या बोटांनी केस बसवले आणि आत आला.

एनिड टेबलाशी उभी होती. हातात नवऱ्याच्या वेळची जुनी पक्कड, समोर पाव कापायची फळी. फळीवर नाणं होतं, अगदी सपाट.

"नांगरानं पार वाकवून टाकलं होतं हो बिचाऱ्याला," ती म्हणाली. "फडक्यात धरून हळूहळू दाबलं. आता बसेल बघा तुमच्या नाण्यांच्या वहीत." मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "का हो? काही चुकलं का माझं?"

"नाही, नाही," म्हणत क्लेम खुर्चीवर टेकला. पण ती पक्कड हातात धरून तशीच उभी राहिली, तेव्हा त्याला सांगणं भाग पडलं. तो टेबलाकडे बघूनच बोलला.

"नांगराचं काम नव्हतं ते. त्या काळी पोरं चांदीचं नाणं असं मुडपायची, म्हणजे ते बाजारात चालू नये. आणि मनातल्या मुलीला द्यायची. तिनं ठेवून घेतलं की होकार. नको असेल तर ती द्यायची शेतात भिरकावून. असं आपलं सांगतात."

एनिडनं खिडकीतून शेताकडे नजर टाकली. "म्हणजे माझ्या शेतात कुणाला तरी नकार मिळाला होता."

"तसंच दिसतंय."

"आणि मी तो पकडीनं सरळ केला." ती हसली, मग हसता हसता थांबली. "ही गोष्ट मला सांगायची होती होय तुम्हाला?"

शेगडीवर किटली खळखळत होती. क्लेमनं जुळवलेलं वाक्य आठवून पाहिलं, पण ते नळापाशीच राहिलं होतं.

"उद्या पेरणी आहे," एवढंच तो म्हणाला.

"मला माहीत आहे. बियाणं मीच आणलंय."

तिनं नाणं उचललं. मुडपल्याच्या दोन पुसट रेघा अजून दिसत होत्या, त्यांवरून तिनं अंगठा फिरवला. क्लेमला वाटलं, आता हे डब्यात जाणार, बटणांच्या सोबतीला. त्यालाही त्याची हरकत नव्हती. निदान या घरात तरी राहिलं असतं.

पण तिनं नाणं त्याच्यापुढे ठेवलं आणि शेजारी पक्कड.

"पहिली निवड माझी ना? मग हे मी घेते. पण असं सपाट नको मला."

क्लेम नाण्याकडे बघत राहिला. "जुनी चांदी आहे, बाई. परत वाकवली तर तुटायची."

"तुटली तर निम्मी निम्मी घेऊ. रिवाजच आहे आपला."

क्लेमनं पक्कड बाजूला सारली आणि दोन्ही अंगठे नाण्यावर ठेवले. एनिडनं बिस्किटांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, तो फडताळात ठेवून दिला आणि त्याच्यासमोर येऊन हात पुढे केला.