शेवटचा भाग

“सीमेवर विचारतील तेवढंच बोलायचं, मम्मा,” मुलीनं निघताना बजावलं होतं. वर्नाबाईंनी मान डोलावली होती. अमेरिकेतलं ते दुकान कॅनडात सामान पाठवत नाही, म्हणून खोकं पलीकडच्या पार्सलवाल्याकडे मागवलेलं. ते घेऊन परतताना कॅनडाच्या सीमाचौकीच्या खिडकीतल्या ढिल्लों साहेबांनी विचारलं, “खोक्यात काय आहे?”

“जपानी ॲनिमे मालिकेच्या डीव्हीडी. दीपगृहातल्या मुलीची गोष्ट, शेवटचे भाग. तिचे बाबा समुद्रात हरवलेत ना, ते...”

ढिल्लोंनी हात वर केला. वर्नाबाईंनी घाईघाईनं पासपोर्ट पुढे केला.

ते खिडकीतून वाकून हळूच म्हणाले, “परत येतात का हो ते? आमच्या आजी रोज अरदासमध्ये, प्रार्थनेत, त्यांच्यासाठी मागणं मागतात. पुढचे भाग मिळेनात, आणि आजींना घास गोड लागेना.”

“अगं बाई! मग हे खोकंच घेऊन जा.”

“ड्यूटीवर काही घेता येत नाही, आंटी. नुसतं सांगितलंत तरी पुरे. शनिवारी याच खिडकीत असतो मी.”

“नक्की सांगेन.” मागच्या गाडीनं हॉर्न मारला.

शनिवारी सकाळी शेवटचा भाग संपला. वर्नाबाईंनी हसत हसत डोळे पुसले आणि पासपोर्ट पर्समध्ये टाकला.

“पुन्हा पार्सल आलं?” मुलीनं विचारलं.

“नाही गं.”

ती खिडकी अमेरिकेतून कॅनडात परतणाऱ्यांनाच लागते. म्हणून वर्नाबाई, काहीही आणायचं नसताना, गुपचूप अमेरिकेला निघाल्या.