दोन बोटं

नवी हेअरड्रेसर डावीकडच्या खुर्चीवर काम करायला लागली आणि दोन महिन्यांत सलूनवालीच्या नवऱ्याची मान, गल्ल्यावर बसल्या बसल्या, डावीकडे वळायला लागली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड! गिऱ्हाइकाचं डोकं सरळ करतात तशी ती त्याच्या हनुवटीला दोन बोटं लावायची. "अहो, समोर बघा!" मान लगेच सरळ. म्हणजे मनात चोर आहेच, तिची खात्री पटली.

तिने त्या पोरीला उजवीकडे हलवलं. मान मात्र डावीकडेच वळत राहिली, आणि आता तिकडे नुसतं बेसिन होतं. मग ती त्याला थेट दवाखान्यात घेऊन गेली.

"हा डिस्टोनिया," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूच चुकीचे हुकूम सोडतो, त्यामुळे मानेचे स्नायू आपोआप ओढले जातात. दर तीन महिन्यांनी स्नायूंत इंजेक्शन दिलं की ते सैल पडतील. यात गंमत म्हणजे, नेमक्या जागी हलकासा स्पर्श झाला तर मान क्षणभर सरळ होते. बघू हं..."

त्यांचा हात त्याच्या हनुवटीकडे गेला. सलूनवालीने तो वरच्यावर धरला.

"सुया तुम्ही खुशाल टोचा, डॉक्टर. तिथे हात मीच लावणार."