आधी बॅटरी

बाहेर चोपन्न अंश तापमान होतं. अशा उन्हात गाडीच्या काचा उघडायला बंदी होती आणि वरोरा मागे पडल्यावर एसी मंदावत गेला. मागच्या सीटवर हृदयाची शस्त्रक्रिया झालेले बाबा घामानं भिजले होते.

"एसी का कमी केलास?" सुषमानं गाडीला विचारलं.

"कॉम्प्रेसर ठीक आहे, गॅसही पुरेसा आहे," गाडी म्हणाली. "पण बॅटरी तापली आहे. गारवा आधी तिला देते आहे. ती बंद पडली तर एसीच बंद पडेल."

"म्हणजे माझ्या बाबांच्या आधी बॅटरी?"

"या उन्हात तोच नियम आहे."

सुषमाला राग आला, पण गाडीचं चुकत नव्हतं. "मग ती आजच का तापली?"

"तिला आतली हवा कमी मिळते आहे. कारण मला दिसत नाही."

आतली हवा! सुषमानं गाडी कडेला थांबवली आणि दोन सीटांमधून मागे गेली. बॅटरीसाठी हवा ओढणारी जाळी मागच्या सीटखाली होती. बाबांच्या पायाखालची उशी घसरून नेमकी तिच्यावर बसली होती. सुषमानं ती ओढून काढली.

लगेच काहीच बदललं नाही. ती बाबांचा हात धरून बसून राहिली. मग हवेचा झोत हळूहळू गार होत गेला.

"सुषे, जरा कमी कर गं," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "थंडी वाजतेय."

मे महिन्यात हे वाक्य तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिनं एसी कमी केला नाही. बाबांच्या अंगावर शाल घातली आणि गाडी चंद्रपूरकडे काढली.