पाण्याची गोळी

केशरबाई डेअरीच्या पायऱ्या चढली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचं फुलपात्र होतं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळी. दुधाच्या कॅनची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. रांगेला न जुमानता ती सरळ दुधाची फॅट मोजणाऱ्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली. मशीनमागच्या खुर्चीत श्रीमंत, तिचा नवरा, बसला होता, सुजलेले पाय टेबलाखाली दडवून.

"घ्या," ती म्हणाली. "हितंच. माझ्या म्होरं."

"घरी घेतो. जा तू."

"तुमचं घरी घेनं लई बघितलं मी."

रांगेतल्यांनी कान टवकारले. श्रीमंतच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय, हे गावाला ठाऊक होतं. अंगात पाणी साठू नये म्हणून डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली होती, रोज सकाळी एक. हे सद्गृहस्थ मात्र ती संध्याकाळचं दूध आटोपून, जेवण करून घेत होते. मग रात्रभर नुसती उठबस. मोरीपर्यंत जायचं, धापा टाकत परतायचं, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठायचं. हाताला धरायला केशरबाई होतीच. काल नगरला तपासणीला गेल्यावर डॉक्टर उलटा तिच्यावरच खेकसला, "रात्रीची झोप मिळाली नाही तर या हृदयाला विसावा कधी मिळणार, बाई? ही गोळी सकाळी द्यायची, एवढंही कळत नाही?" श्रीमंत शेजारीच मान खाली घालून बसला होता. चूक आपली आहे, एवढं म्हणायलाही त्याचं तोंड उघडलं नाही. त्या मुकेपणाचा संताप तिच्या डोक्यातून अजून उतरला नव्हता.

त्याच्या लबाडीला कारण होतं. सकाळी गोळी घेतली की थोड्याच वेळात उठावं लागणार, आणि दूध चालू असताना त्या खुर्चीवरून उठायचं नसतं. आधीचा माणूस एकदा बिडी ओढायला उठला, तेवढ्यात श्रीमंत तिच्यात बसला, तो आजतागायत. कुणाच्या दुधाला फॅट लागली, कुणाचं दूध परत, सगळं त्या खुर्चीतून ठरायचं. ती सोडण्यापेक्षा त्याला मरण परवडलं असतं.

रांगेत बराच मागं आसाराम होता. पाणी घातलं म्हणून श्रीमंतनं गेल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत त्याचं दूध परत केलं होतं.

"घ्या की आण्णा," आसाराम साखर पेरल्यासारखा बोलला. "खुर्चीची काळजी नका करू. आमी हाय की."

"तू गप रे मुडद्या!" केशरबाई कडाडली. मग नवऱ्याकडं वळली. "उघडा तोंड. का काल डॉक्टरम्होरं कसं मुकं बसला हुता, ते सांगू समद्यांला?"

श्रीमंतनं तिच्याकडं जाळून टाकील अशा नजरेनं पाहिलं. गोळी तोंडात टाकली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली.

"झालं समाधान? निघ आता."

ती निघाली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. कॅन येत होते, रिकामे होत होते. बराच वेळ श्रीमंतनं तग धरला. मग त्याची चुळबुळ सुरू झाली. कपाळावर घाम आला. एकाची फॅट त्यानं दुसऱ्याच्या नावानं पुकारली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी टेबलाला धरून तो उठला आणि बायकोला एक सणसणीत शिवी हासडून मागच्या दारानं बाहेर पडला.

आसारामनं खुर्चीकडं झेप घेतली. पण केशरबाई तिच्यात बसलीसुद्धा होती.

"काकी, ह्ये बायामानसांचं काम न्हाई."

"आकडा मशीन दावतंय, खुर्ची न्हाई. आन तुझं दूध हिकडं."

आकडा सगळ्यांनी पाहिला. तो फारच कमी होता.

"पानी हाय. परत. कुनाची हाय पुढची किटली?"

श्रीमंत परतला तो दारातच थबकला.

"ऊठ."

"न्हाई."

"चारचौघांत शोभा करतीस माझी?"

"व्हय, करते. काल डॉक्टर मला बोलला, तवा माझी शोभा झाली न्हाई व्हय?"

उभ्यानं भांडायला त्याला दम पुरेना. तो धडपडत पुढच्या ओट्यावर गेला आणि सरकी पेंडीच्या पोत्यांना पाठ लावून बसला. तिच्या माहेराचा उद्धार सुरू झाला. आत सगळं ऐकू येत होतं. ती एकेकाची फॅट पुकारत राहिली. हळूहळू शिव्यांमधलं अंतर वाढत गेलं. एक शिवी अर्धीच राहिली. बसल्या बसल्या त्याची मान पोत्यावर कलंडली आणि तोंड उघडं पडलं. श्वास संथ चालू लागला.

परत आलेला कॅन घेऊन आसाराम ओट्यावर आला. झोपलेल्या श्रीमंतकडं पाहून त्याला हसू फुटलं. कॅनचं झाकण त्यानं त्याच्या कानाजवळ आपटायला उचललं.

"आसाराम," खुर्चीतून आवाज आला. "त्यांचा डोळा उघडला, तर उद्याबी तुझं दूध परत."

आसारामनं झाकण काखेत धरलं आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरला.