माशांचा दिवा

शालनने टाकीतलं पाव हिस्सा पाणी नळीने काढलं आणि कालच भरून ठेवलेल्या बादलीतलं बेताबेताने ओतलं. त्यातलं क्लोरीन उडालं होतं, गारठाही मोडला होता. काचेजवळचा भयदिवा हिरवाच राहिला. ज्याच्या जवळ ठेवावा त्या जिवाला भीती वाटली की तो लाल होई. पूर्वी तिचा हात आत गेला की मासे कोपऱ्यात दडत. हळूहळू दिव्यानेच तिला शहाणं केलं होतं.

आज तिच्या मनात आलं, हाच दिवा ह्यांच्या उशाशी ठेवला तर? अर्धांगवायूने दत्तारामांची वाचा गेल्यापासून त्यांच्या मनातलं काहीच कळत नव्हतं.

त्यांच्या देखभालीला येणाऱ्या सगुणाबाई त्यांचं अंग पुसत होत्या, तोवर उशाशी आणून ठेवलेला दिवा हिरवा होता.

"बघा ताई, किती निवांत आहेत अण्णा," असं म्हणून त्या बाहेर गेल्या.

शालन पेजेची वाटी घेऊन पलंगाजवळ आली आणि दिवा लाल झाला.

ती मागे सरली, तो हिरवा झाला. तिने तळवे चोळून गरम केले आणि माशांपाशी जायची तशी सावकाश पुढे आली.

"अहो, मी आहे," ती हलकेच म्हणाली.

दिवा आणखीच लाल झाला.

पेज निवत चालली होती. भरवणं तर भागच होतं. तिने दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं.

पलीकडची पांढरी भिंत लाल होत गेली.