बोर्डावर काय लिहिलंय?

वणीची एसटी पंचवटीत शिरली की गोरक्षला आधी क्लासचा तो बोर्ड दिसायचा. गळ्यात हार घातलेली सृष्टी नावाची मुलगी आणि फोटोखाली मोठ्या अक्षरांत ‘इंग्लिश, ३० पैकी २८! अभिनंदन!’ तो बघूनच त्यानं द्राक्षांच्या पॅकहाउसमधलं काम सोडून बँकेच्या परीक्षेचा तोच क्लास लावला. पहिल्याच तासाला सरांनी उताऱ्यावरच्या प्रश्नांचा नियम घोटून घेतला, "उताऱ्यात नाही ते मनानं जोडायचं नाही."

चौथ्या दिवशी सृष्टी त्याच्याच बाकावर येऊन बसली.

"तुम्ही तर बँकेत लागलात ना?"

"कसली बँक! तिसऱ्यांदा फॉर्म भरलाय. ते मार्क क्लासच्या सराव परीक्षेतले. फोटोसाठी हारसुद्धा सरांनीच आणला होता."

गोरक्षला शिसारी आली. तो तडक केबिनमध्ये शिरला. "सर, पार फसवलं तुम्ही! तो बोर्ड बघून हातातलं काम सोडलं मी."

सर दात कोरत होते. काडीच्या टोकाला आलेलं निरखत ते म्हणाले, "ती बँकेत लागली, असं बोर्डावर कुठं लिहिलंय? तूच मनानं जोडलंस."

काडी टाकून सरांनी नावांची वही पुढं सरकवली.

"उताऱ्यात कच्चा आहेस तू. सोमवारपासून त्याची स्पेशल बॅच आहे, नाव टाक."