कुडाची फट

घराच्या मधोमध कारवीचा शेवटचा जुडगा दणकन रोवून ज्योतीरामने हात झाडले. कूड आढ्याला भिडला. पण नुसत्या काड्याच त्या. पलीकडे चुलीपुढे बसलेली धाकट्या भावाची बायको मंजुळा फटीफटीतून दिसत होती.

"आये, लिंपायला किती गारा लागंल?" त्याने आईला विचारले. "जाड लिंपायचाय. तिकडचा आवाजसुदिक हिकडं यायला नको."

आक्काबाई उठली. आकुर्डीपासून काळेवाडीपर्यंत कुणाचे घर उभे राहिले की माती किती कालवायची, हे लोक तिलाच विचारत. तिने कुडावर वीत टाकत एक फेरी मारली. दोन काड्यांमध्ये बोट घालून पाहिले. मग दारातून अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे बघितले. ओढ्याकडच्या बांधाची चिकण माती होती ती, कारखान्याने त्यांचे शेत घेऊन तारेचे कुंपण घातले त्याच्या आधी आणून टाकलेली. आता बांधही तारेच्या आत होता.

"पुरंल ढीग," ती म्हणाली.

"आन ऐक. आजपास्नं तू हिकडं ऱ्हानार. तुझ्या हातची भाकरी तिकडं जायची न्हाई."

आक्काबाईने पदर खोचला आणि ढिगावर शेण-भुसा टाकायला निघून गेली.

ज्योतीरामचा राग कशाचा, ते साऱ्या गावाला ठाऊक होते. परवा तो चिंचा झोडायला म्हणून आपल्याच शेतात निघाला, तर तारेच्या फाटकात खाकी चड्डी घालून, काठी घेऊन सयाजी उभा. त्याचा पाठचा भाऊ, कारखान्याचा नवा रखवालदार! चार माणसांदेखत म्हणाला, "दादा, आत जायला पास लागतो." चिंच त्यांच्या आजाने लावलेली. माणसाचे डोके फिरायला आणखी काय लागते?

गारा तुडवून झाला. ज्योतीराम लिंपत कसला होता, गोळे मारत होता. गोळ्यागणिक एक शिवी. आक्काबाई मागून हात फिरवत होती. खालच्या अंगाला तिने चांगला चार बोटे जाड थर दिला. एरवी मातीचा कण वाया न घालवणारी बाई आज सढळ हाताने थापत होती. रागाच्या भरात ज्योतीरामला ते दिसले नाही.

उन्हे कलली आणि गारा संपला. ज्योतीरामने घमेले खरवडले, तर मुठीत मावेल एवढा एक गोळा निघाला. कुडाच्या मधोमध, बसल्या माणसाच्या तोंडासमोर, वीतभर जागा उघडीच होती.

"आये! ढीग पुरंल म्हनलीस!"

"कमी पडला."

"मग वाटंची काळी माती कालवतो."

"काळी सुकली की तडकती. पुन्ना फट पडंल."

तेवढ्यात शिफ्ट संपवून सयाजी घरी आला. पलीकडे बसून त्याने टोपी काढली, आणि उघड्या काड्यांमधून दोघा भावांची तोंडे समोरासमोर आली. ह्याचे तोंड बघणार नाही, असे ज्योतीराम कालपासून गावभर सांगत होता.

"ए रखवालदार!" तो ओरडला. "रोज आत जातोस न्हवं? बांधाची पाटीभर माती आन. तुझं तोंड झाकायचंय."

"न्हाई आनता यायची, दादा."

"का? मातीला बी पास लागतो व्हय रं?"

"सुटताना माझी झडती घेत्यात. टोपी उलटी करून बघत्यात. चिमूटभर माती भाईर नेऊ देत न्हाईत."

"तुझी झडती? आपल्याच रानात?"

"रोज," सयाजी म्हणाला आणि खाली बघू लागला.

ज्योतीरामने तोंड उघडले. शिवी ओठावर होती, पण ती कुणाला घालायची तेच त्याला कळेना. मग हाताशी होती ती आई.

"तुला ठावं व्हतं ढीग पुरनार न्हाई! लोकांच्या घरात तुझा अंदाज कवा चुकत न्हाई, आन नेमका माझ्याच घरात..."

"गप!"

आक्काबाई अशी कडाडली की पलीकडे मंजुळाच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"सर्व्हेवाले साखळी वढत आले, तवा त्यांना ताक पाजलंस. तार मारली, तवा खांब रवायला हात लावलास. तवा कुठं व्हता ह्यो राग? त्यांच्यापुढं वर मान केली न्हाईस, आन आता पाठच्या भावापुढं फुरफुरतोस! लाज वाटू दे."

तिने मातीचे हात पदराला पुसले, अलीकडच्या चुलीजवळच्या टोपल्यातली भाकरी उचलली आणि ज्योतीरामच्या पुढ्यात धरली.

"अंदाज न्हाई चुकला माझा," ती म्हणाली. "उभी धर. जाती का न्हाई, बघ घालून."

ज्योतीरामच्या एका हातात शेवटचा गोळा होता. दुसरा हात रिकामा होता.